घरच्या कुत्र्याला गोचीड ताप येतो तेव्हा

घरातलं कुत्रं आजारी पडलं की ते सर्वांत आधी कळतं घरातल्या बाईला. ताटली तशीच राहिलेली तिलाच दिसते. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तरी कोपऱ्यातली शेपूट हलली नाही, हे तिच्याच लक्षात येतं. बाकीचे म्हणतात, "ऊन बाधलं असेल, एक दिवस उपाशी राहू दे, होईल बरं." मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकातून रक्ताचे थेंब पडतात आणि सगळ्यांची धावपळ सुरू होते.

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी एक आज घेते. पत्र पाठवणाऱ्या भगिनी तालुक्याच्या गावी राहतात. नाव छापू नये असं त्यांनी कळवलं आहे. त्यांचा सहा वर्षांचा कुत्रा गोचीड तापाने आजारी आहे. तीन आठवडे गोळ्या चालू आहेत, एकदा रक्तही चढवून झालं. प्लेटलेट मात्र १८,०००च्या वर सरकत नाहीत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, "पाहू या." या भगिनींचे प्रश्न तीन आहेत. "आमच्या हातून काय चुकलं? पुन्हा रक्त चढवायचं तर हातातल्या बांगड्या मोडाव्यात का? आणि थांबायचं कधी, हे कोणी सांगायचं?"

मैत्रिणींनो, अशा प्रश्नांना एका वाक्यात उत्तर नसतं आणि डॉक्टरांची जागा या पानाला घेता यायची नाही. पण ज्या बाईला हे आजारपण चोवीस तास निभवायचं आहे, तिच्या हाताशी काहीतरी धरायला हवं. तेवढं देता येईल.

आधी आजार समजून घेऊ. गोचीड ताप हे एकाच आजाराचं नाव नव्हे. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड निरनिराळे जंतू पसरवते. त्यातला नेहमीचा एर्लिकिया. हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरून राहतो. दुसरा बॅबेसिया. हा तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसू लागतात. कधी कधी दोन्ही एकदमच असतात.

एर्लिकियाचा ताप येतो तेव्हा पहिले दोन ते चार आठवडे ताप, भूक मंदावणं, गाठी सुजणं, नाकातून रक्त येणं असं चालतं. काही कुत्री यातून औषधाशिवायही वर आल्यासारखी दिसतात. पण जंतू आत दबा धरून राहतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षंही. कुत्रा खातो-पितो, खेळतो, बाहेरून काही कळत नाही. मग एक दिवस आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि या वेळी त्याचा घाव पडतो तो हाडाच्या आतल्या मगजावर. तिथंच तर रक्त तयार होतं.

म्हणून "आमचं काय चुकलं" या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की आजचा ताप कदाचित दोन पावसाळ्यांपूर्वी चावलेल्या गोचिडीचा असेल. तुम्ही गेल्या महिन्यात काय केलं नि काय नाही, हे उगाळत बसण्यात अर्थ नाही. हा जंतू १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांत प्रथम ओळखला गेला. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री याच आजाराने गेली. त्यांच्या दिमतीला खास माणसं होती, पशुवैद्य होते, तरी गेली. मग स्वयंपाक, शाळा, पाहुणे सांभाळून कुत्रा वाढवणाऱ्या बाईने स्वतःला किती बोल लावायचा?

आता डॉक्टर "पाहू या" म्हणतात ते का, ते पाहू. आजार नवा असेल तर डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर बहुतेक कुत्री एक ते तीन दिवसांत उभारी धरतात. ताप उतरतो, तोंडात घास जातो. पण आजार जुना होऊन मगज थकलेला असेल, तर औषधाने जंतू मेला तरी रक्त लगेच तयार होत नाही. काही कुत्र्यांचा मगज हळूहळू, काही महिन्यांनी कामाला लागतो. काहींचा लागतच नाही. यातला आपला कुत्रा कोणता, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. "पाहू या" हे उत्तर ऐकायला कोरडं लागतं, पण ते टाळाटाळीचं असेलच असं नाही. पुष्कळदा तेच प्रामाणिक उत्तर असतं.

मात्र "पाहू या"ला तारीख लावून घ्यावी. रोज सकाळी "आज बरा होईल का" आणि रोज रात्री "आता काही खरं नाही", अशा हिंदोळ्यावर महिनाभर बसलं की माणूस मोडून जातं. त्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून तीन तारखा कॅलेंडरवर लिहून टाकाव्यात.

पहिली तारीख, औषध सुरू केल्यापासून चौथा दिवस. तोवर ताप उतरला नाही, घास गेला नाही तर विचारायचं, "बरोबर बॅबेसिया तर नाही ना?" कारण त्याचं औषध वेगळं असतं, एर्लिकियाच्या गोळीने तो जात नाही.

दुसरी तारीख, साधारण आठवा दिवस. या दिवशी रक्त पुन्हा तपासून घ्यायचं. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. म्हणून "काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं का?" असं अवश्य विचारा. यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही.

तिसरी तारीख, अठ्ठाविसावा दिवस. गोळ्यांचा कोर्स सहसा एवढा असतो. पंधरा दिवसांत कुत्रा उड्या मारू लागला तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि या दिवशी अँटिबॉडीची तपासणी "पॉझिटिव्ह" आली म्हणून घाबरायचंही नाही. कुत्रा बरा झाल्यावरही ती महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकते. पाहायचं ते रक्ताच्या आकड्यांकडे आणि कुत्र्याच्या तब्येतीकडे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींची तिसरी तारीख आता आठवड्यावर आली आहे. त्या दिवशी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मगज काम करतोय याची काही खूण रक्तात दिसते का? नव्या तांबड्या पेशी तयार होताहेत का?" होत असतील तर पुढची तारीख ठरवा आणि तोवर निश्चिंतपणे सेवा करा. होत नसतील तर पुढचं बोलणं वेगळं होईल. ते खाली सांगतेच.

दोन तारखांच्या मधले दिवस घरात कसे काढायचे? एक साधी वही घ्या. किराण्याच्या हिशेबाची असते तशी चालेल. त्यात रोज पाच गोष्टी लिहा: किती खाल्लं, किती पाणी प्यायला, लघवी-शी कशी झाली, ताप किती, आणि हिरड्यांचा रंग. कुत्र्याचा ताप गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहतात, टोकाला थोडं व्हॅसलीन लावून. साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. यासाठी थर्मामीटर वेगळा ठेवा, बरं का. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या, शी डांबरासारखी काळी झाली, नाकातलं रक्त थांबेना किंवा झोपेतही धाप लागू लागली, तर तारखेची वाट पाहायची नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

गोळी देताना आपल्याकडे सर्रास दुधातून नाही तर पेढ्यातून देतात. ही गोळी तशी देऊ नका. दूध, दही, पनीर, कॅल्शियम यांनी तिचा गुण कमी होतो. रक्तवाढीसाठी लोहाचं टॉनिक दिलेलं असेल तर त्यात आणि या गोळीत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. भाकरीच्या मऊ तुकड्यात, उकडलेल्या अंड्यात किंवा कोंबडीच्या तुकड्यात लपवून द्या आणि वर दोन-चार घोट पाणी पाजा. कोरडी गोळी घशाखाली अडकली तर आत जखम होते. रिकाम्या पोटी दिली तर उलटी होण्याचा संभव असतो. काही डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉईडही देतात. ते सुरू असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही.

खाण्यात मऊ भात, कोंबडीचं अळणी सूप, उकडलेलं अंडं, लाल भोपळा असं थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. जरा कोमट केलं की वास येतो आणि तोंड लावलं जातं. घरातली उरलेली आमटी-रस्सा मात्र नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि इथं तर मुळातच रक्त कमी आहे. हाडं चघळायला देऊ नका, हिरडीला लागलं तर रक्त थांबणार नाही. घट्ट पट्टा, दांडगा खेळ, जिन्यावरची चढउतार हेही काही दिवस बंद.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्या घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन ही आपल्याला चालणारी औषधं कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात. पपईच्या पानांचा रस शेजारीण सांगेल, जावबाईही सांगतील. त्याने आतला जंतू मरत नाही. द्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून द्या, आणि गोळीच्या ऐवजी तर मुळीच नको.

आता बांगड्यांचा प्रश्न. चढवलेलं रक्त आजार बरा करत नाही, ते फक्त वेळ मिळवून देतं. त्यातल्या तांबड्या पेशी काही आठवडे टिकतात. प्लेटलेट तर थोड्याच दिवसांत संपतात. म्हणून एकच प्रश्न विचारायचा, "हा वेळ मिळाला तर त्यात काय घडण्याची आशा आहे?" मगज जागा होण्याची चिन्हं असतील तर दुसऱ्यांदा रक्त देण्याला अर्थ आहे. चिन्हंच नसतील तर ते रक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी होतं, कुत्र्यासाठी नव्हे.

बांगड्या तुमच्या, तेव्हा निर्णयही तुमचाच. मोडा किंवा मोडू नका असं मी सांगणार नाही. पण तो निर्णय रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या बाकावर बसून घेऊ नका. दिवसाउजेडी, घरी, यजमानांबरोबर वही घेऊन बसा. मुलांची फी, घराचा हप्ता, आईंचं औषध हे सगळं बाजूला काढून उरतं किती, ते लिहा. "इथपर्यंत जाऊ, याच्या पुढे नाही," असा आकडा दोघांनी मिळून ठरवा. आकडा लहान असला म्हणून माया लहान ठरत नाही.

खर्चाच्या दृष्टीने आणखी एक सांगते. मुंबईत परळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. परळचं तर १८८६ सालापासूनचं. या महाविद्यालयांच्या दवाखान्यांत अनुभवी प्राध्यापक असतात, आणि खासगी दवाखान्यापेक्षा खर्चही सहसा कमी येतो. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि आपली वही घेऊन जा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नव्हे. रक्त देणारा कुत्राही बहुधा आपणच शोधायचा असतो. तो मोठा, अंगाने भरलेला, लसी दिलेला आणि निरोगी हवा. ओळखीपाळखीत आधीच विचारून ठेवलेलं बरं.

घरातली माणसं हा आणखी एक भाग. "माणसांना औषध मिळत नाही आणि कुत्र्याचे एवढे लाड!" हे वाक्य ऐकावं लागलं नाही अशी कुत्रा पाळणारी बाई विरळाच. वाद घालू नका. सासूबाईंना त्याच्याजवळ दहा मिनिटं बसवा, सूप त्यांच्या हातून पाजा. दत्ताच्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावणाऱ्या बाईला त्या पायांशी बसलेल्या चार कुत्र्यांची आठवण करून द्यावी लागत नाही. मुलांना खरं सांगा. "त्याचं रक्त कमी झालंय, आपण औषध देतोय, बरा होईल की नाही ते डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही," एवढं आठ वर्षांच्या मुलाला समजतं. "त्याला गावाला पाठवलं" असली थाप मात्र मारू नका. मुलं पुढे कधीतरी खरं शोधून काढतात आणि ती थाप विसरत नाहीत.

आणि तुम्ही स्वतः? औषध, सूप, सलाईनला नेणं, रात्री उठून पाहणं हे सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नका. रात्रीची पाळी यजमानांची, संध्याकाळची मोठ्या मुलाची, असं वहीतच लिहून टाका. जेवण चुकवू नका. डोळ्यांत पाणी आलं तर लपवूही नका. सहा वर्षं पायांत घोटाळणाऱ्या जिवासाठी रडू येणं यात लाजण्यासारखं काय आहे?

राहिला शेवटचा प्रश्न, थांबायचं कधी. अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ साली यासाठी सात गोष्टींची एक यादी केली, ती आपल्यालाही उपयोगी पडेल. वेदना आणि श्वासाचा त्रास आटोक्यात आहे का? तो खातो का? अंगात पाणी टिकतं का? त्याला स्वच्छ ठेवता येतं का? आपण जवळ गेलो तर त्याला आनंद होतो का? स्वतः उठून चालतो का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवावी. त्याखाली उतरू लागला तर डॉक्टरांशी निरोपाची गोष्ट बोलावी. घरातल्या दोघा-तिघांनी वेगवेगळे गुण देऊन पाहावेत. एकीच्या मायेला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.

थांबायचं ठरलंच तर डॉक्टर गुंगीच्या औषधाचं मोठं इंजेक्शन शिरेतून देतात. कुत्रा आधी झोपी जातो, मग श्वास थांबतो. याला मारणं म्हणू नये. औषधाने जे साधलं नाही, त्याच्या त्रासातून त्याची सुटका करणं हेही शुश्रूषेचंच शेवटचं काम आहे. जवळ कोणीतरी ओळखीचं असावं, डोक्यावर हात असावा. ते तुमच्याने होत नसेल तर यजमानांनी थांबावं. "मी थांबू शकले नाही" म्हणून पुढे झुरत बसू नये. ठरलेला आकडा, तिन्ही तारखा आणि वहीतली पानं पुरी करून घेतलेला निर्णय घाईचा नसतो.

शेवटी घरातल्या गोचिडींविषयी, कारण कुत्रा बरा होवो वा न होवो, हे काम राहतंच. अंगावर दिसतात त्यांपेक्षा कितीतरी जास्त गोचिडी भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, पायपुसण्याखाली असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरून भेगेत हजारोंनी अंडी घालते. भेगा बुजवा, कोपरे झाडा, कुत्र्याची गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका. हा ताप कुत्र्यापासून थेट माणसाला लागत नाही, पण गोचीड माणसालाही चावते आणि तिच्यापासून आपल्याला दुसरे ताप येऊ शकतात. कुत्र्याच्या अंगाला रॉकेल किंवा गोठ्यातलं औषध अंदाजाने चोळू नका. डॉक्टर वजन पाहून महिन्याची चघळायची गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब देतात. एर्लिकियाला लस नाही आणि एकदा येऊन गेला म्हणून तो पुन्हा येणार नाही असंही नाही, तेव्हा हे बाराही महिने चालू ठेवायला हवं.

आणि कुत्रा गेलाच, तर दुसरं पिल्लू आणण्याची घाई करू नका. मुलं हट्ट धरतील, कोणी टोपलीत घालून आणूनही देईल. उपाशी गोचीड भेगेत कित्येक महिने तग धरते. आधी घर साफ करा, भिंतींना चुना लावा, एक उन्हाळा जाऊ द्या. तेवढ्यात तुमचं मनही थोडं सावरलेलं असेल.